खोट्या टकरींची टाकसाळ

पदार्थविज्ञानाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या नावे लिहिला जातो. अमक्या साली अमका त्वरक उभा राहिला, तमक्या साली तमका कण सापडला, अशा नोंदींनी ग्रंथांची पाने भरतात. या यंत्रांच्या आडोशाने गेली पाऊणशे वर्षे आणखी एक उद्योग अव्याहत चालू आहे, आणि त्यात जे निपजते ते मुळात कधी घडलेलेच नसते. दोन कण एकमेकांवर कधीही आदळलेले नसतात, तरी त्यांच्या टकरीतून कोणते कण निघाले, ते कोणत्या दिशेस गेले आणि धातूच्या कोणत्या थरात त्यांची किती ऊर्जा खर्ची पडली, इथपर्यंतचा सारा वृत्तान्त संगणकाच्या दप्तरी दाखल होतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेसाठी अशा खोट्या टकरी टाकसाळीत नाणी पाडावीत तशा अब्जावधींच्या संख्येने पाडल्या जातात. मात्र हे खोटे नाणे खऱ्याची पारख व्हावी याच हेतूने पाडलेले असते, आणि त्यावरचा खोटेपणाचा शिक्का कोणापासून लपवलेला नसतो.

या उद्योगाचे मूळ पत्त्यांच्या डावात आहे. १९४६ साली स्टानिस्लाव्ह उलाम हा पोलिश गणिती मेंदूच्या दुखण्यातून उठून सक्तीची विश्रांती घेत असता एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा डाव मांडून बसे, आणि हा डाव जुळून येण्याचा संभव किती, याचे गणित तो सवयीने मनाशी करू लागला. गणित काही केल्या सुटेना. तेव्हा त्याच्या मनात आले की सूत्राच्या नादी न लागता शंभर वेळा डाव मांडून किती वेळा जुळला ते मोजले, तर काम भागणार नाही काय? लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत त्या काळी न्यूट्रॉनांच्या प्रवासाचा प्रश्न अशाच गुंतागुंतीने अडून बसला होता. न्यूट्रॉन पुढची धडक किती अंतरावर घेईल, त्या धडकेत शोषला जाईल, वळेल की अणू फोडील, याचा प्रत्येक पावलावर यदृच्छ संख्येचा कौल घ्यावा, आणि असे हजारो न्यूट्रॉन जन्मापासून अखेरीपर्यंत तडीस न्यावेत, ही कल्पना जॉन फॉन नॉयमन याने उचलून धरली व मार्च १९४७ मध्ये रॉबर्ट रिक्टमायर यास लिहिलेल्या पत्रात तिची पुरी तजवीज मांडली. १९४८ साली एनियाक या यंत्रावर हे हिशेब प्रत्यक्ष चालले. त्यांच्या आज्ञावलीचे किचकट काम क्लारा फॉन नॉयमन या विदुषीने केले, हे पुष्कळ दिवस कोणाच्या फारसे ध्यानात नव्हते. उलामचे एक काका जुगारासाठी कर्ज काढून मॉन्टे कार्लोस जात, त्यावरून निकोलस मेट्रोपोलिसने या पद्धतीला त्या शहराचे नाव दिले, आणि १९४९ च्या निबंधाने ते रूढ केले.

उच्च ऊर्जेच्या कणांच्या प्रांतात ही युक्ती शिरली ती मात्र संगणकावाचून. विश्वकिरणांतला एखादा वेगवान इलेक्ट्रॉन शिशाच्या पत्र्यात शिरला की त्यापासून प्रकाशकण निघतो, प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते, त्या जोडीपासून पुन्हा प्रकाशकण, आणि असा वंशविस्तार होत होत शेवटी कणांची झड लागते. या वर्षावाची उपपत्ती १९३७ साली मुंबईचे होमी भाभा व वाल्टर हाइट्लर यांनी इंग्लंडात, आणि त्याच वर्षी कार्लसन व ओपेनहायमर यांनी अमेरिकेत मांडली. परंतु या उपपत्तीतून मिळे ती सरासरी. शंभर इलेक्ट्रॉनांमागे अमुक खोलीवर सरासरी किती कण सापडतील हे सांगता येई. पण एकच इलेक्ट्रॉन आत गेला असता या खेपेस तीन निघतील की तेरा, हा चढउतार सूत्रांच्या आवाक्यात सहजी येत नव्हता, आणि प्रयोग करणाऱ्यापुढे तर दर खेपेस एकच इलेक्ट्रॉन असतो.

कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट विल्सन याने हा चढउतार हाताने मोजावयाचे ठरवले. त्याचा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील यंत्राचे वर्णन आज वाचताना कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. चार इंच व्यासाचे, बारा इंच लांबीचे एक नळकांडे; त्यावर निरनिराळ्या ऊर्जांसाठी आखलेल्या वक्ररेषा; आणि त्यास वीसास एक या प्रमाणाच्या दंतचक्रांनी जोडलेली एक वेगवान मोटर. शिशाचे त्याने कागदावर सुमारे एकेक मिलिमीटरचे थर कल्पिले होते. इलेक्ट्रॉन अथवा प्रकाशकण एका थरात शिरला की मोटर सुरू करून थांबवावी, नळकांडे जेथे थांबेल तेथील वक्ररेषेवरून त्या कणाचे भवितव्य वाचावे, ते टिपून ठेवावे, आणि पुढील थरासाठी पुन्हा चक्र फिरवावे. मुलेबाळे झाली असतील तर त्यांचीही अशीच एकेक करून रवानगी लावावी. मोटरीचा फिरता गाभा नळकांड्याहून जड असल्यामुळे कोठे थांबावयाचे हे तोच ठरवतो व दंतचक्रांमुळे त्याची यदृच्छा अनेक पटींनी वाढते, असा निर्वाळाही विल्सनने दिला आहे. पुढे फर्मी प्रयोगशाळेचा पहिला संचालक म्हणून ज्याने मैलामैलांचे त्वरक उभारले, त्याच पुरुषाने हे कारकुनी काम इतक्या निष्ठेने करावे, यातच त्या पिढीचा स्वभाव दिसून येतो.

विल्सनच्या कणांना निदान शिशाचा आधार होता. १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे खोट्या घटनांचा उपयोग माणसांची परीक्षा घेण्याकडे झाला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले अत्यंत उद्बोधक प्रकरण हेच होय. लुई अल्वारेझच्या गटाने द्रवरूप हायड्रोजनच्या मोठ्या पात्रात कणांच्या मार्गांची लक्षावधी छायाचित्रे घेतली होती. त्यांवरून काढलेल्या आलेखात कोठे उंचवटा दिसला की नवा कण सापडला अशी द्वाही फिरण्यास उशीर लागत नसे. गटातील जेरी लिंच याने 'गेम' नावाची एक आज्ञावली रचली. उंचवटा दिसलेल्या आलेखावरून शास्त्रज्ञाने एक सपाट, उंचवटारहित रेषा काढून द्यावयाची, आणि यंत्राने तेवढ्याच घटना त्या रेषेवरून यदृच्छेने पाडून शंभर आलेख हाती ठेवावयाचे. त्यांत खऱ्याची भेसळ करून आलेख सहकाऱ्यांपुढे पसरले की जेथे काही असणे शक्यच नाही तेथेही डोंगर दिसू लागत, आणि आपला उंचवटा हिरिरीने घेऊन आलेला गृहस्थ पुष्कळदा मुकाट्याने परत जाई. दृष्टी ही इच्छेची बटीक असते हे आपल्याकडील तार्किकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्याचा इतका रोकडा पुरावा त्यांच्या हाती नव्हता.

पुढचे काम होते प्रत्यक्ष टकरीचे पोट उघडण्याचे. ते काम स्वीडनमधील लुंड येथे झाले. प्रोटॉनासारख्या कणांचा घटक असलेला क्वार्क कधीही सुटा दिसत नाही. दोन क्वार्क एकमेकांपासून दूर पळू लागले की त्यांमधील बलक्षेत्र तंतूसारखे ताणले जाते आणि ताण असह्य झाला की तुटते, व तुटल्या टोकांशी नवे क्वार्क उभे राहून त्यांचे दृश्य कण बनतात, अशी बू आंदर्सन व यस्ता गुस्तावसन यांच्या परिवाराची धारणा होती. तिला आज्ञावलीचे रूप १९७८ पासून तोर्ब्यर्न शोस्ट्रांड याने दिले. त्या 'जेटसेट'ला पुढे 'पिथिया'ची जोड मिळाली. डेल्फीच्या मंदिरात प्रश्नकर्त्यास संदिग्ध उत्तरे देणाऱ्या पुजारिणीचे हे नाव ज्याने निवडले त्यास विनोदाचे अंग होते यात शंका नाही. या तंतूंचा एक परिणाम असा निघे की टकरीतून कणांचे तीन झोत निघतात अशा घटनेत क्वार्क व प्रतिक्वार्क यांमधल्या जागेत कण विरळ आढळावेत; हॅम्बुर्गच्या जेड प्रयोगात ते तसे खरोखरच आढळले. केंब्रिजच्या ब्रायन वेबरने निराळ्या तत्त्वावर 'हरविग' उभी केली. या दोहोंच्या उत्तरांतील तफावत हेच आपल्या अज्ञानाचे माप मानण्याचा परिपाठ प्रयोगकर्त्यांत पडला आहे. तो सोयीचा खरा, परंतु दोन्ही आज्ञावली एकाच जागी एकसारख्या चुकत असतील तर हे माप शून्य दाखवील, याची जाणीव ठेवलेली बरी.

यदृच्छेचा पुरवठाही नेहमी निर्भेळ नव्हता. आय. बी. एम. यंत्रांवर सर्रास चालणाऱ्या 'रँडू' या संख्यास्रोताचे तीन-तीन आकडे एकत्र घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर ते सर्व अवघ्या १५ प्रतलांवर पडतात. अशा संख्यांचे हे सामान्य व्यंग मार्सालिया याने १९६८ साली उघडकीस आणले, आणि त्या स्रोतावर विसंबलेल्या कित्येक हिशेबांची रुजुवात पुन्हा करणे प्राप्त झाले.

टकरीतून निघालेला कण पुढे शोधकयंत्राच्या लोखंडातून, शिशातून, सिलिकॉनमधून कसा जातो, हे दाखविणारी 'जिआंट' ही आज्ञावली सर्नमध्ये १९७४ च्या सुमारास सुरू झाली व १९९८ च्या डिसेंबरात 'जिआंट-४' या नव्या अवतारात बाहेर पडली. तिचा मोठा काळ आजही जातो तो ऊर्जामापकातील वर्षाव थरामागून थर पुढे नेण्यात, म्हणजे विल्सनचे नळकांडे फिरविण्यातच. या कामाचा काही वाटा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणककेंद्राकडेही आहे, कारण सर्नचे गणनकार्य चाळीसहून अधिक देशांत वाटलेले आहे.

भाभांचे नाव या व्यवहारात आणखी एका वाटेने आले आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवरून विखुरतात त्याचे गणित त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केले, आणि जिनिव्हाच्या २७ किलोमीटर घेराच्या लेप या यंत्रावर १९८९ पासून तेच विकिरण मोजमापाचा मापदंड ठरले. टाटा संस्था तेथील एल-३ प्रयोगात सहभागी होती. किती भाभा-विकिरणे घडली यावरून एकूण किती टकरींची संधी मिळाली हे ठरवावयाचे, आणि त्यावरून झेड कणांचे उत्पादन तपासून जगात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती ते काढावयाचे, असा तो हिशेब होता. आणि भाभा-विकिरणाचा अपेक्षित आकडा यादाख या भौतिकज्ञाच्या 'भ्लुमी' या आज्ञावलीकडून येई. उत्तर आले २.९८४०, अनिश्चितता ०.००८२. तीन म्हणावे तर अनिश्चिततेच्या जवळजवळ दुपटीइतके कमी पडते, चौथा तर नाहीच. पुष्कळांनी या उणिवेकडे काणाडोळा केला, कोणी तीत नव्या भौतिकीची चाहूल पाहिली. २०१९ साली लक्षात आले की समोरून येणाऱ्या कणांच्या पुंजक्याच्या विद्युत्-चुंबकीय ओढीने विखुरलेले इलेक्ट्रॉन किंचित आत वळत, काही मापकास चुकवून निसटत, आणि संधींची गणती कमी भरे. हा परिणाम सिम्युलेशनमध्ये घालून आणि भाभा-विकिरणाचा सैद्धान्तिक आकडाही सुधारून पाहता २०२० साली उत्तर २.९९६३ झाले, अनिश्चितता ०.००७४. लेप बंद पडून तेव्हा वीस वर्षे झाली होती, आणि त्याच्या बोगद्यात प्रोटॉनांचे दुसरेच यंत्र बसलेले होते.