नंदा
नंदा : (८ जानेवारी १९३९–२५ मार्च २०१४). मराठी व हिंदी चित्रपट-अभिनेत्री. जन्म कोल्हापूरचा. दिग्दर्शक-अभिनेते मास्टर विनायक यांची ही कन्या. १९४७ मध्ये वडील गेले आणि कुटुंबाचा भार या बालकलाकारावर आला. ‘मंदिर’मधून (१९४८) ती ‘बेबी नंदा’ म्हणून पडद्यावर आली. व्ही. शांताराम यांच्या ‘तूफान और दीया’ने (१९५६) तिला नायिकापद दिले. मराठीत ‘शेवग्याच्या शेंगा’ (१९५५) गाजला. ‘छोटी बहन’मधील (१९५९) अंध बहिणीने ती घराघरांत पोचली, ‘आंचल’साठी (१९६०) सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. अभिनेते शशी कपूर नवखे असताना तिने विश्वासाने त्यांच्याबरोबर चित्रपट स्वीकारले. ‘जब जब फूल खिले’ने (१९६५) तो विश्वास सार्थ ठरला. गीतविरहित ‘इत्तेफाक’मध्ये (१९६९) तिने सोज्ज्वळ प्रतिमा मोडून रहस्यमय स्त्री समर्थपणे उभी केली. ‘प्रेमरोग’मधील (१९८२) आई ही तिची उत्तरकाळातील लक्षणीय भूमिका. मुंबईत निधन.