परदेशातील पहिले साठ दिवस : डोळखांबच्या विद्यार्थ्यासाठी तयारीची वही

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते सुरुवातीला राहिले, पण तिथले जेवण मानवले नाही. म्हणून ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र भेटला. पुढे १९२० मध्ये लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला निघताना याच मित्राने त्यांना पाच हजार रुपये उसने दिले.

बाबासाहेबांच्या पदव्या आपण पाठ म्हणतो. पण परक्या शहरात खोली, जेवण, पैसा आणि मित्र हे चार प्रश्न त्यांनाही सोडवावे लागले होते, हे आपण सांगत नाही. डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या भागातल्या ज्या घरातून अजून कुणी विमानात बसलेले नाही, त्या घरातल्या मुलामुलीला नेमके हेच जाणून घ्यायचे असते. आमचे म्हणणे एकच आहे : परदेशातील पहिले साठ दिवस गावातूनच आखून न्यावेत.

कागद आधी, प्रवेश नंतर

आपल्यासाठी दोन मुख्य शिष्यवृत्त्या आहेत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या ७५ जागा आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. दोन्हींत जागतिक क्रमवारीतील विद्यापीठाचा विनाअट प्रवेश लागतो. उत्पन्न, वय आणि क्रमवारीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहाव्यात, जुन्या फॉरवर्ड मेसेजवर विसंबू नये.

विषय निवडतानाही सावध राहा. २०२२ पासून केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील समाजशास्त्रीय अभ्यास वगळले गेले. जातीवर परदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलांना हा थेट फटका आहे. 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियातच वाचला होता. आजच्या नियमाने तो विषय बसला असता का, हा प्रश्न चळवळीने विचारत राहिला पाहिजे.

जातीच्या दाखल्यासाठी शहापूर तालुक्याचा अर्ज भिवंडीच्या प्रांत कार्यालयाकडे जातो आणि मुरबाडचा कल्याणच्या. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचे नाव जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडते का, हे बारावीतच पाहून ठेवा. बौद्धांच्या दाखल्याचा राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो, दोन्ही काढून ठेवा. जात पडताळणी ठाण्याच्या समितीकडून होते आणि तिला वेळ लागतो. पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही तपासा. एका अक्षराच्या फरकावर व्हिसा अडतो.

पैशाचा खरा हिशेब

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड होती. त्यातून बाबासाहेब घरीही पैसे पाठवत. आजचा हिशेबही तितकाच ओढाताणीचा आहे. केंद्राच्या योजनेत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड राहिला आहे, म्हणजे महिन्याला ८२५. ब्रिटनचे व्हिसा नियम मात्र लंडनबाहेरही महिन्याला हजाराहून जास्त पौंड लागतील असे धरतात. लंडनमध्ये त्याहूनही अधिक.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, भत्त्याचा हप्ता हातात पडायला वेळ लागेल असे धरून किमान दोन महिन्यांचा खर्च सोबत न्या. दुसरी, खोलीचे भाडे आणि अनामत रक्कम एकदम भरावी लागते, ती वेगळी काढून ठेवा. तिसरी, विद्यापीठाच्या शुल्क विभागाला शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र आधीच पाठवून मुदतवाढ लेखी मागून घ्या. पैसे संपल्यावर लिहिलेल्या पत्रापेक्षा आधी लिहिलेल्या पत्राला मान असतो.

अर्धवेळ कामाला मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारात २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. जादा तास रोख पैशावर करायला सांगणारा 'आपला माणूस' भेटेल. त्याला नाही म्हणा. त्यात त्याचे फार जात नाही, तुमचा व्हिसा जातो.

उतरल्यावरची कामे

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात नाव नोंदवा. अमेरिकेत पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवावे लागते. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत शहर कार्यालयात नोंदणी करावी लागते. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे जवळच्या डॉक्टरकडे लगेच नोंदणी करा. आजारी पडल्यावर धावपळ नको. खोली पाहिल्याशिवाय, करार वाचल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. जागेचे फोटो दाखवून फसवणारे सगळीकडे आहेत.

अभ्यासाची पद्धतही वेगळी असते. प्राध्यापकांना नावाने हाक मारतात, वर्गात त्यांचे म्हणणे खोडून काढले तर कुणाला राग येत नाही. उलट गप्प बसणारा मागे पडतो. दुसऱ्याचे वाक्य स्रोत न सांगता उतरवले तर ती चोरी धरली जाते आणि त्यावरून प्रवेशही रद्द होऊ शकतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी लेखन मार्गदर्शन केंद्राची मोफत वेळ पहिल्याच आठवड्यात घ्यावी. इंग्रजी कच्चे असणे ही लाज नाही. ते लपवण्यात सत्र निघून जाते.

जात सोबत येते

सातासमुद्रापार जात नसते असे समजू नका. भारतीय विद्यार्थ्यांच्या गटांत खोलीच्या जाहिरातीत 'फक्त शाकाहारी' लिहिलेले असते, गप्पांत आडनाव विचारले जाते. आडनाव सांगायचे की नाही, हा निर्णय तुमचा. पण लपवण्याच्या ओझ्याखाली दोन वर्षे काढू नका.

कायद्याची बाजू माहीत असू द्या. अमेरिकेत ब्रँडाईस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र गव्हर्नरांनी परत पाठवले. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीसाठी तरतूद आहे, पण सरकारने ती स्वतंत्रपणे लागू केलेली नाही. त्रास झाला तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा आणि विद्यापीठाच्या समता कार्यालयाकडे लेखी तक्रार करा.

एकटेपणावर उपाय

बहुतेक विद्यार्थी वर्षावासाच्या काळात निघतात. रुजू होऊन स्थिरावायच्या आत धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो, आणि सहा डिसेंबर येतो तेव्हा दुपारी चारलाच अंधार झालेला असतो. गावी विहारात सगळे जमलेले व्हिडिओवर दिसतात, तेव्हा पोटात कालवते. हे होणारच, त्यात कमकुवतपणा नाही. विद्यापीठात मोफत समुपदेशन असते, ते घ्या.

आणि आपली माणसे शोधा. लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे १९२१-२२ मधील घर आज स्मारक आहे. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतले. वुल्व्हरहॅम्प्टनला बुद्धविहार आहे. उत्तर अमेरिकेत आंबेडकर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका काम करते. कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. पण फक्त आपल्यातच राहू नका. बाबासाहेबांना वेळेला पैसे देणारा मित्र दुसऱ्या समाजाचा होता.

गावाची जबाबदारी

मुलाचा सत्कार करून, हार घालून आपण मोकळे होतो. त्याऐवजी प्रत्येक विहार समितीने एक वही ठेवावी : कोणता कागद कुठे मिळाला, किती दिवस लागले, कुठे अडले. जो पहिला जाईल त्याने ती लिहावी, दुसऱ्याने पुढे न्यावी. पहिल्याला ज्याला वर्ष लागले, ते दुसऱ्याला तीन महिन्यांत जमावे. डोळखांबहून पुढच्या वर्षी कुणी निघाले, तर त्याच्या बॅगेत तांदळाच्या पिठाबरोबर ही वहीही असावी.

जयभीम.