असर वाचन चाचणी

असर वाचन चाचणी ही ग्रामीण भारतातील ५ ते १६ वयोगटातील मुलांचे पायाभूत वाचनकौशल्य तपासणारी मौखिक चाचणी आहे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ साली सुरू झालेल्या 'असर' सर्वेक्षणात ती वापरली जाते.

पद्धत

सर्वेक्षण शाळेत न होता घरोघरी होते. त्यामुळे शाळाबाह्य व गैरहजर मुलेही त्यात येतात. चाचणीत अक्षरे, शब्द, पहिलीच्या स्तराचा परिच्छेद व दुसरीच्या स्तराची गोष्ट असे चार टप्पे असतात. प्रारंभी परिच्छेद वाचावयास देतात. तो सहज वाचता आल्यास गोष्ट, अन्यथा शब्द आणि तेही न जमल्यास अक्षरे दिली जातात. मुलाने गाठलेला सर्वोच्च टप्पा नोंदवतात. गुण देत नाहीत.

निष्कर्ष व मर्यादा

दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण देशपातळीवर २०२२ मध्ये ४२.८ टक्के, तर २०२४ मध्ये ४८.८ टक्के होते. म्हणजेच इयत्ता हा वाचनक्षमतेचा पुरावा ठरत नाही. तथापि, या चार टप्प्यांतून लेखनाची पारख होत नाही. अस्खलित वाचणाऱ्या मुलास श्रुतलेखनात जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ अडू शकतात. त्यासाठी शिक्षकाने वेगळी तपासणी करणे आवश्यक असते.