तीर, तुक्का आणि पोपटाचा डोळा : बाणाचे फळ व अचूकतेची कल्पना

'लागला तर तीर, नाही तर तुक्का' ही म्हण मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत रूढ आहे. आज आपण तिचा अर्थ 'साधले तर साधले' एवढाच घेतो. परंतु तीर आणि तुक्का या मुळात दोन भिन्न वस्तू होत. तीराला धारदार फळ असते, तर तुक्क्याला फळाच्या जागी बोथट घुंडी असते. बाण तीर होता की तुक्का, हे तो लागल्यावर ठरते, असे म्हण सुचवते. प्रत्यक्षातला क्रम उलटा आहे. फळ आधी बसवले जाते आणि बाण कोठे जाईल हे काही अंशी त्या फळावर अवलंबून असते. अचूकतेचे श्रेय आपली परंपरा नेमबाजाच्या एकाग्रतेला देत आली, पण त्या अचूकतेत फळाचाही वाटा असतो. हा वाटा साहित्याने कोठे नोंदवला आणि कोठे पुसून टाकला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या प्रश्नासाठी क्रॉसबो हे सर्वांत सोयीचे शस्त्र ठरते. दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य, ताणलेली दोरी अडकवून ठेवणारी खाच आणि ती सोडणारा खटका अशी त्याची रचना असते. साध्या धनुष्यात प्रत्येक वेळी दोरी किती ताणली गेली, हात कितपत स्थिर राहिला, यांवर नेम अवलंबून असतो. क्रॉसबोमध्ये ताण यंत्रानेच निश्चित केलेला असतो. माणसाकडून होणाऱ्या चुकांचा एक मोठा भाग असा वजा झाला की फळाफळांतला फरक उघडा पडतो.

हा फरक आजच्या शिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. सरावासाठी वापरले जाणारे टोक, म्हणजे फील्ड टिप, बाणाच्या काडीइतक्याच जाडीचे, गोल आणि सर्व बाजूंनी सारखे असते. शिकारीचे फळ, म्हणजे ब्रॉडहेड, दोन किंवा अधिक रुंद पात्यांचे असते, कारण जनावर रक्तस्रावाने लवकर मरावे हा त्याचा हेतू असतो. दोन्हींचे वजन नेमके सारखे, उदाहरणार्थ शंभर ग्रेन, ठेवले तरी ती एकाच जागी लागतील याची खात्री नसते. रुंद पाती हवेत लहान पंखांसारखे काम करतात. बाण किंचित तिरका सुटला किंवा फळ काडीच्या अक्षाशी सरळ बसलेले नसले, तर हीच पाती बाणाला बाजूला ओढतात. मागची पिसे तो सरळ करू पाहतात. पण क्रॉसबोचा बाण आखूड आणि वेगवान असल्याने पुढच्या पात्यांचा हा प्रभाव आवरणे त्यांना कठीण जाते. जवळच्या अंतरावर फरक थोडा दिसतो, अंतर वाढते तसा तो वाढत जातो. म्हणून ज्या फळाने शिकार करायची, त्याच फळाने आधी नेम जुळवून घ्यावा, असा जाणत्यांचा नियम आहे. उडताना पाती मिटलेली ठेवणारी फळे अलीकडच्या काळात निघाली, तीही याच अडचणीवरचा उपाय म्हणून.

ही जाण नवी नाही. रॉजर ॲस्कमचा 'टॉक्सोफिलस' हा इंग्रजी संवादग्रंथ १५४५ साली प्रसिद्ध झाला आणि आठव्या हेन्रीला अर्पण करण्यात आला. त्याचा विषय लांब धनुष्य हा आहे. क्रॉसबोबाबत त्या काळचा राजा साशंकच होता. वार्षिक शंभर पौंडांच्या उत्पन्नाखालील प्रजाजनांनी क्रॉसबो बाळगू नये, असा कायदा त्याच्याच कारकिर्दीत, १५४१ च्या सुमारास झाला. ॲस्कम फळांची चर्चा ग्रीक कोशकार पोलक्सपासून सुरू करतो आणि मागे वळलेल्या काट्यांचे रुंद फळ व पुढे दोन टोके असलेले दुभंगलेले फळ असे दोन प्राचीन प्रकार सांगतो. त्यानंतर त्याने दिलेला निर्वाळा महत्त्वाचा आहे. युद्धासाठी या दोहोंपेक्षा अरुंद इंग्रजी फळ चांगले, कारण ते हलके असल्याने वेगाने जाते. शिवाय बाण फिरत फिरत जातो आणि फिरत शिरणाऱ्या वस्तूला चपटेपणा अडसर ठरतो. लक्ष्यावरच्या सरावासाठी त्याने खांदा असलेली वेगळी फळे सांगितली आहेत. दोरी दर वेळी सारखीच ताणली जावी, हा त्यांचा उपयोग. म्हणजे सरावाचे फळ आणि घाव घालणारे फळ यांची फारकत ॲस्कमच्या ग्रंथात पूर्ण झालेली दिसते.

क्रॉसबोच्या जगात या फारकतीला सार्वजनिक उत्सवाचे रूप आले. फ्लँडर्समधील ब्रूज, गेंट आदी शहरांत क्रॉसबोधारकांचे संघ होते. उंच खांबावर बसवलेला लाकडी पोपट पाडण्याची त्यांची स्पर्धा प्रसिद्ध होती आणि जो तो पाडी त्याला त्या वर्षाचा 'राजा' म्हणत. अशा पक्षिवेधाच्या खेळांत बोथट किंवा मुकुटासारख्या दातेरी टोकांचे बाण वापरत. पक्षी ठोकरून खाली पाडायचा असल्यामुळे कापणाऱ्या पात्याची तेथे गरज नव्हती. थोडक्यात, हा तुक्क्याचा उत्सव होता.

लाकडी पोपट म्हटला की मराठी वाचकाला द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा आठवते. झाडावर कृत्रिम पक्षी ठेवलेला आहे, 'काय दिसते?' असा प्रश्न आहे आणि 'पोपटाचा डोळा' हे अर्जुनाचे उत्तर आहे. ही कथा आपल्याकडे एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. महाभारताच्या आदिपर्वातील संहिता मात्र वेगळी आहे. तेथे पक्षी पोपट नसून 'भास' आहे. अर्जुनाला दिसते ते पक्ष्याचे मस्तक, डोळा नव्हे. आणि तो ते मस्तक 'क्षुर' बाणाने, म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेच्या फळाने, छाटून खाली पाडतो. परीक्षेसाठी पक्षी कृत्रिम होता, पण फळ खरे होते. आजच्या परिभाषेत सांगायचे तर द्रोणांनी फील्ड टिपने परीक्षा घेतली नाही. जे फळ पुढे वापरायचे त्याच प्रकारच्या फळाने घेतली.

लोककथनात मस्तकाचा डोळा झाला, हा बदल केवळ नाट्य वाढवण्यासाठी झाला असे मला वाटत नाही. मस्तक छाटले जाते, डोळा भेदला जातो. छाटण्यासाठी पाते लागते, भेदण्यासाठी टोक पुरते. फळाचे ज्ञान विसरले गेल्यावर अचूकता म्हणजे एका बिंदूवर पोहोचणे, एवढाच अर्थ उरला. संस्कृत परंपरेला मात्र फळाचे भान सतत होते. १३६३ च्या 'शार्ङ्गधरपद्धती'तील धनुर्वेदप्रकरणात आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत आदी फळांची नावे येतात. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात रघू इंद्राच्या धनुष्याची दोरी तोडतो, तीही अर्धचंद्रमुख बाणाने. अनुवादात या सर्वांचा 'बाण' एवढाच शब्द होतो, तेव्हा कृतीचे कारणच हरवते.

फळाच्या या प्रश्नाला माणसाच्या जिवाची किंमत असते, हे दाखवणारा प्रसंग २४ जुलै १६२१ रोजी हँपशरमधील ब्रॅमशिल येथे घडला. लॉर्ड झूश यांच्या उपवनात कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट क्रॉसबोने हरणाची शिकार करीत होते. हरणावर सोडलेला काटेरी फळाचा बाण पीटर हॉकिन्स या रखवालदाराच्या दंडाला लागला आणि रक्तस्रावाने तो मरण पावला. सरावाचे टोक असते तर दंडातली जखम कदाचित प्राणघातक ठरली नसती. हरणासाठी असलेल्या धारेने आपले काम माणसावर केले. बाण कशाने भरकटला याचा निवाडा येथे करायचा नाही. लक्षात घ्यायचे ते हे की, पुढच्या वादाचा भर धर्मगुरूने शिकार करावी काय आणि त्याच्या हातून मनुष्यहत्या झाल्यावर तो पदाला पात्र राहतो काय, यांवर राहिला. विल्यम लॉडसह नवनियुक्त बिशपांनी त्यांच्या हातून दीक्षा घेण्यास नकार दिला. दहा जणांच्या आयोगात मतभेद झाले आणि अखेर राजा पहिला जेम्स याने ॲबट यांना दोषमुक्त केले. ॲबट यांनी हॉकिन्सच्या विधवेला वार्षिक वीस पौंड लावून दिले आणि पुढे आयुष्यभर दरमहा एक दिवस उपवास केला.

येथे रामायणातील दशरथाची आठवण अपरिहार्य आहे. त्याचा शब्दवेधी बाण मुळीच चुकला नाही. जेथे नेम धरला तेथेच तो लागला. चुकले ते ज्ञान : पाणी पिणारा हत्ती समजून त्याने मुनिकुमाराला मारले. ॲबट यांना लक्ष्य दिसत होते, पण बाण तेथे पोहोचला नाही. एका प्रसंगात कौशल्याला शाप मिळाला, दुसऱ्यात अपघाताला धर्मशास्त्रीय चौकशी. दोन्हीकडे परिणाम भोगला तो समोरच्या निरपराध माणसाने. नेम बरोबर होता की नव्हता, या प्रश्नाने त्याच्या मरणाचा हिशेब पुरा होत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा आपल्यासाठी मुख्यतः संहितांमधला विषय उरला आहे. तेवढ्यासाठी तरी संहिता नीट वाचल्या पाहिजेत. द्रोणांची परीक्षा मुलांना सांगताना डोळ्याऐवजी मस्तक आणि बाणाऐवजी क्षुर म्हटले, तर कथेतली एकाग्रता कमी होत नाही. उलट तिच्यासोबत एक जबाबदारीही सांगितली जाते : ज्या धारेने घाव घालायचा, तीच धार हाती घेऊन आपला नेम आधी पारखावा. तुक्क्यावर मिळवलेली अचूकता तीराच्या वेळी उपयोगी पडेलच, असे नाही.