आखाजीची बोली

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, "पगाराची अपेक्षा किती?" मी म्हणालो, "आपण द्याल तो." त्यांनी तसाच दिला! पुढे आमच्या शहादा-तळोद्याच्या सालदारांचा इतिहास वाचला, तेव्हा हे उत्तर किती जुनं आहे ते कळलं.

श्रोतेहो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. खानदेशात त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सरे आणि नवी बोली ठरे. तीही मुलाखतच. एका बाजूला जमीन आणि हिशेबाची वही. दुसऱ्या बाजूला अंगावर उचल असलेला भिल्ल गडी. खाड्यांचे पैसे कापले जात, उरलेली उचल नव्या सालावर चढे. ज्याला उठून दुसऱ्याच्या दारी जाता येत नाही, त्यानं आकडा कोणत्या तोंडानं सांगावा?

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. १९७२ मध्ये इथं श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातलेच कार्यकर्ते तिच्या पुढाऱ्यांत होते. गेलेल्या जमिनींबरोबर सालदारांच्या मजुरीचा प्रश्नही संघटनेनं हाती घेतला. एकेकट्यानं ओट्याखाली उभं राहून करायची बोली आता सगळ्यांच्या वतीनं होऊ लागली. मोर्च्यांत बायका पुढे असत. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा.

दुसऱ्या नोकरीच्या वेळी मी आधी तिथल्या दोन कारकुनांना गाठलं आणि त्यांचा पगार विचारून घेतला.