झाकली मूठ आणि सांगितलेली गोष्ट

हातातलं काम चालू ठेवा, शेंगा फोडा, निवडण-टिपण करा, आणि कान आमच्याकडे द्या. आज आपण जुन्या गोष्टींच्या पुस्तकांबद्दल बोलणार आहोत. पण आधी आमच्या गटात घडलेली एक हकीकत सांगतो.

मागच्या वर्षी एका बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, सगळ्या उठायला लागल्या. तेवढ्यात आमची एक मैत्रीण म्हणाली, "माझ्या माहेराकडं एक पोरगी आहे बघा. नववीत आहे. तिचं लगीन ठरवलंय. देवळातच उरकायचं म्हणतात. तिच्या आईला काही बोलता येईना." आम्ही पुन्हा खाली बसलो. ती मुलगी तिच्या माहेरची नव्हती, हे आम्हा सगळ्यांना दोन मिनिटांत कळलं. ती तिच्याच घरातली होती. पण आम्ही कुणीच तसं म्हटलं नाही. त्या 'माहेरच्या पोरीबद्दल'च बोलत राहिलो.

नंतर आमच्या मनात आलं, की बायांनी दुसऱ्याच्या नावानं गोष्ट सांगायची ही रीत आजची नाही. मराठीतल्या कादंबऱ्या अशाच जन्माला आल्या.

१८५६ साली सरकारनं विधवेला पुन्हा लग्न करायला परवानगी देणारा कायदा केला. कायदा कागदावर आला, घरात आला नाही. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन' हे पुस्तक निघालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना नावाची तरुण मुलगी नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, आणि ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणाला घरात मोलकरणीसारखं राबवलेलं. पुढे यमुनेवरही तीच वेळ येते. लेखकाला ख्रिस्ती धर्माचाही प्रचार करायचा होता, ते पुस्तकात दिसतं. पण घराघरांत दाबून ठेवलेलं दुःख त्या गोष्टीमुळं छापून बाहेर आलं, हे खरं.

ही गुपितं जिवावर बेतणारी होती. लहान वयात विधवा झालेल्या मुलीला घरातल्याच किंवा नात्यातल्या पुरुषानं फसवायचं, आणि दिवस गेले की सगळा दोष तिच्या माथी मारायचा. मग विहीर, नाहीतर पोटच्या बाळाचा जीव घेणं. म्हणून १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशा बाईनं तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा ठेवून जावं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

आता येऊ या यमूकडे. १८९० साली पुण्यात हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यात त्यांनी एक कादंबरी क्रमशः छापली. नाव 'पण लक्षात कोण घेतो!' १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. लिहिणारे आपटे तेव्हा तिशीच्याही आतले. पण गोष्ट सांगते यमू, स्वतःच्या तोंडानं. भातुकली, भाऊ, आजी, आई. मग लहानपणीच लग्न. नशिबानं नवरा चांगला निघतो, तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला बिऱ्हाड करतो. तिची मैत्रीण दुर्गी मात्र नवऱ्याचा छळ सोसत असते. आणि मग यमूचा नवरा जातो. त्या क्षणापासून तिला कुणी माणूस राहत नाही. तिची इच्छा नसताना, जबरदस्तीनं तिचं केशवपन होतं.

आमच्या गटात आम्ही ही कादंबरी थोडी थोडी वाचली. कॉलेजला जाणारी एक मुलगी वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. भाषा जुनी, काही शब्द अडायचे. पण केशवपनाच्या भागाला कुणी शब्द काढला नाही. एक म्हातारी मावशी तेवढी म्हणाली, "आमच्यात केस नव्हते काढत. पण बांगड्या मात्र माझ्याच हातावर फोडल्या होत्या." इतकी वर्षं आम्ही त्यांच्याजवळ बसतोय, हे कधी ऐकलं नव्हतं. यमूनं सांगितलं म्हणून मावशींना सांगता आलं.

तुम्ही विचाराल, बाईचं दुःख पुरुषानं का लिहिलं? कारण तेव्हा लिहिता येणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्यांना येत होतं, त्यांनी पुस्तक हातात धरलं तरी घरात बोलणी. त्यातूनही काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या काहीजणी लिहू लागल्या होत्या. आपटे आणि काशीबाई यांचा चांगला स्नेह होता.

मग काळ थोडा पुढे सरकला. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. त्यातून पुढे मुलींच्या शिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या. त्या संस्थांत शिकून निघालेली एक मुलगी म्हणजे बाळूताई खरे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. वर लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या त्या गोष्टी. घर मुलीच्या पगारावर चाललंय, म्हणून तिच्या लग्नाचा विषय कुणी काढत नाही, आणि तिच्या मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. पुस्तकावर मोठं वादळ उठलं. ही विभावरी कोण, बाई आहे की पुरुष, याची चर्चा सुरू झाली. ती बाळूताई खरे होती. लग्नानंतर लोक त्यांना मालती बेडेकर म्हणून ओळखू लागले.

बघा मैत्रिणींनो, यमूच्या वेळी बाईला लिहिताच येत नव्हतं. विभावरीच्या वेळी लिहिता येत होतं, पण नाव लपवावं लागलं.

आणि तिसरी बाई आपल्या बेबीताई कांबळे. त्यांचं पुस्तक कादंबरी नाही, खरीखुरी जीवनकथा आहे. पण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. यमू आणि विभावरीचं जग पांढरपेशा घरांतलं. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातल्या सुनांचे हाल त्यात नव्हते. बेबीताईंचं फलटणला छोटंसं दुकान होतं. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतलं त्या वाचायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायच्या. ती वही त्यांनी सुमारे वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवली. पुढे ते लिखाण 'स्त्री' मासिकात आलं, आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक झालं. सगळ्या वस्तीची उपासमार, सासुरवास त्यांनी त्यात लिहिला. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मात्र लिहिलं नाही. ते पुढे मुलाखतीत सांगितलं. इतक्या धाडसाच्या बाईलाही एक मूठ झाकूनच ठेवावी लागली.

आपल्याला लहानपणापासून शिकवतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. काही बाबतीत ते बरोबरही आहे. पण मुठीत निखारा असेल तर? तो झाकून हातच भाजतो. मग बाई काय करते? 'माझ्या माहेराकडं एक पोरगी आहे' असं म्हणते. आपटे यांनी यमूच्या तोंडानं सांगितलं, बाळूताईंनी विभावरीच्या नावानं सांगितलं. सांगणारीनं आपलं काम केलेलं असतं. पुढचं काम ऐकणारीचं. आपटे यांच्या कादंबरीचं नाव तेच तर विचारतं.

आमच्या त्या मैत्रिणीचं काय झालं, ते सांगतो. तिनं 'सांगा' म्हटलं म्हणूनच सांगतोय. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या चारजणी तिच्या घरी गेलो, अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन. तिच्या सासूबाई रागावल्या. 'आमच्या घरातलं तुम्हाला कुणी सांगितलं' म्हणाल्या. आम्ही म्हटलं, कुणी नाही, आम्ही एक गोष्ट ऐकली. मग मुलीच्या वडिलांशी बोललो. मुलगी अठरा वर्षांची व्हायच्या आत लग्न लावलं तर २००६ च्या कायद्याखाली गुन्हा होतो, लावणाऱ्यांवर आणि हजर राहणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते, हे सांगितलं. दोन-तीन खेपा झाल्या. लग्न थांबलं. मुलगी दहावीला बसली. घरात अजून थोडी धुसफूस आहे, सासूबाई आमच्याशी नीट बोलत नाहीत. ते आम्ही सोसू.

तुमच्या गावात असं काही कानावर आलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. गावपातळीवर बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर आहे, त्यांनाही सांगता येतं.

आणि गटाच्या बैठकीत हिशोब झाल्यावर लगेच उठू नका. दहा मिनिटं बसा. कुणी माहेरच्या पोरीची, शेजारच्या गावच्या सुनेची गोष्ट सांगायला लागली, तर 'ती कोण गं?' असं विचारू नका. 'मग पुढं काय झालं?' एवढंच विचारा.