भोंगा गाडीवर, भोंगा गाडीत

गेल्या दिवाळीत जळगावला गेलो तेव्हा एक जुना शाळूसोबती भेटला. नवी गाडी घेतलीय आणि डोक्यात नवं खूळ, गाडीत हॉर्न स्पीकर बसवायचे. पों-पों वाला हॉर्न नव्हे हो, भोंगा! "दोन युनिट डॅशबोर्डखाली टाकतो, मग बघ!" त्याला म्हटलं, अरे आपल्या खानदेशात गाडी आणि भोंग्याचं लग्न कधीच लागलंय. फक्त भोंगा टपावर असतो. तो तिथे का असतो ते आधी ऐक, मग पैसे घाल.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. जेन्सन आणि प्रिडहॅम या जोडीनं १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात जमलेल्या अफाट गर्दीला भोंग्यातून आवाज ऐकवला. पुढे १९२५ मध्ये राईस आणि केलॉग यांनी कागदी कोनचा स्पीकर आणला, आणि घराघरातल्या रेडिओतून भोंगा हळूहळू गेला. मैदानातून मात्र गेला नाही. कारण साधं आहे. कोनच्या स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एखादा टक्का आवाज होतो, बाकीची उष्णता. भोंगा त्याच विजेत दहापट किंवा त्याहून जास्त आवाज काढतो. त्याचा निमुळता गळा छोट्या पडद्याची हालचाल बाहेरच्या हवेला नीट पोचवतो, गाडीच्या गिअरसारखं समजा.

आपल्याकडे १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांना नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचे भोंगे असत. (१९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात हेच मोटवाने आरोपी होते, नंतर सुटले.) त्याच दशकात, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं, अध्यक्ष नेहरू. राजकारण असं गावात आलं की सभेला वीज कुठून आणणार? बॅटरीवर जेवढी मिळेल तेवढीच. आणि थोड्या विजेत लांब ऐकू जायचं तर भोंग्याशिवाय पर्याय नाही.

जीपचं गणितही तेच. मामाच्या गावी धुळ्याला निवडणुकीच्या दिवसांत जीप यायची, टपावर दोन भोंगे, एक पुढे एक मागे. आम्ही पोरं पत्रकं गोळा करत मागे पळायचो. १२ व्होल्टची बॅटरी, ३०-४० वॉटचा अँप्लिफायर, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. रिक्षातून सिनेमाची जाहिरातही तशीच. एवढंच की सगळ्यांचा आवाज सारखाच, नाकातून आल्यासारखा!

तो तसा का, हे मला इंजिनिअरिंगला कळलं. भोंग्याच्या तोंडाचा घेर साधारण ध्वनिलहरीच्या लांबीएवढा लागतो. ३०० हर्ट्झची लहर सव्वा मीटरच्या आतली, म्हणजे तोंड १४ इंच. टपावर बरोब्बर तेवढंच मावतं. शब्द कळायला ते पुरतं. पण ढोलाचा ४० हर्ट्झ हवा असेल तर तोंड पावणेतीन मीटर व्यासाचं लागेल. म्हणजे गाडी भोंग्याला लावावी लागेल, भोंगा गाडीला नाही :-) म्हणून आपल्याकडच्या लग्नात बँडच्या गाडीवर गायकाच्या आवाजाला भोंग्यांची रांग, आणि ठेक्याला खाली मोठी खोकी. पुढे अँप्लिफायर स्वस्त झाले, वीज जनरेटरवर आली, आणि डीजेच्या खोक्यांनी सगळंच ताब्यात घेतलं. २००० च्या नियमांनी रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद ठेवायला सांगितलं. वरातीत ते कितपत पाळतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. असो.

मित्राची कल्पना मात्र वेडगळ नाही. अमेरिकेतल्या कार ऑडिओवाल्यांनी डॅशबोर्डखाली हॉर्न बसवलेले आहेत. दारातल्या स्पीकरपेक्षा डाव्या-उजव्या आवाजाच्या अंतरातला फरक तिथे कमी होतो, त्यामुळे गायक समोर उभा आहे असं वाटतं. पण टपावरचा भोंगा मोकळ्या मैदानासाठी आहे. एका वॉटला एक मीटरवर तो १०५ डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतं, १०० ला पंधरा मिनिटं. मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची मुलगी बसते, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

शेवटी त्यानं छोटे हॉर्न घेतले, फक्त वरच्या सुरांसाठी. खालच्या सुरांना दारात कोनचे स्पीकर. आवाजाच्या बटणाला एका जागी खूण केली, त्यापुढे जायचं नाही. अंगणात पहिल्यांदा लावून बघितलं तेव्हा त्याची आई आतून रद्दीचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, भंगारवाला आला.